सुरीच्या मुठीसाठी बर्ल: ठोकळा निवडण्यापासून स्केल (मुठीच्या पट्ट्या) कापण्यापर्यंत

सुरीच्या मुठीसाठी विक्रीला ठेवलेल्या बर्लच्या, म्हणजे झाडावरच्या गाठीच्या, ठोकळ्याचा जो पृष्ठभाग डोळ्यांना भुरळ घालतो, तो तयार मुठीवर जवळजवळ कधीच राहत नाही. ३० मिमी जाडीच्या ठोकळ्यातून २२ मिमी जाडीची मूठ घडवली की दोन्ही बाजूंचं चार-चार मिमी लाकूड भुशात जातं, आणि कोपरे गोल करताना त्याहून बरंच जास्त. पैसे मोजायचे ते आतल्या लाकडाचे, आणि निर्णय घ्यायचा तो बाहेरच्या लाकडाकडे बघून. म्हणून सहाही बाजू वाचून आत काय असेल याचा अंदाज बांधायला शिकावं लागतं, आणि काप असा घ्यावा लागतो की नक्षी मुठीच्या गोलाईवर उतरेल.

गाठीच्या आत काय असतं

बर्ल म्हणजे झाडाच्या खोडावर किंवा मुळाशी वाढलेली गाठ. इजा, कीड, बुरशी अशा कुठल्याशा ताणामुळे एकाच जागी असंख्य सुप्त कळ्या तयार होतात. त्या फांद्या होऊन बाहेर पडत नाहीत, आणि दरवर्षी वाढणारं लाकूड त्यांना वळसा घालत पुढे जातं. त्यामुळे सरळ खोडात असतात तशा एका दिशेच्या रेषा इथे नसतात. प्रत्येक कळीचा एक बारीक माग आतून बाहेरच्या सालीपर्यंत गेलेला असतो. टाचण्यांच्या उशीत टोचलेल्या टाचण्यांसारखे हे माग गाठीच्या मध्याकडून बाहेरच्या दिशेने पसरलेले असतात.

कापण्याचं अर्धं गणित या एका गोष्टीत आहे. सालीला समांतर काप घेतला, तर माग आडवे छेदले जातात आणि गोल ‘डोळे’ दिसतात. सालीपासून गाभ्याकडे उभा काप घेतला, तर तेच माग लांबीत चिरले जातात आणि डोळ्यांऐवजी पिसांसारखे फराटे किंवा बारीक काटे दिसतात. दोन्ही सुंदर दिसतात, पण कोणतं मिळणार हे करवत लावण्यापूर्वीच ठरलेलं असलं पाहिजे. मुठीच्या दोन रुंद बाजूंवर डोळे हवे असतील, तर ठोकळ्याची रुंद बाजू सालीला समांतर असायला हवी. त्याच ठोकळ्याच्या अरुंद बाजूंवर, म्हणजे मुठीच्या पाठीवर आणि पोटावर, आपोआप फराटे येतील.

डोळे साधारणपणे सालीजवळच्या थरात दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. मोठ्या गाठीच्या मध्यातून काढलेला ठोकळा बऱ्याचदा नुसत्या वळणदार रेषांचा निघतो. तो वाईट नसतो, पण त्याला ‘दाट डोळ्यांचं बर्ल’ म्हणून जास्त पैसे देऊ नका.

नक्षीदार लाकडाचे इतर प्रकारही बर्लच्या शेजारीच विकायला असतात, आणि त्यांचे काप वेगळे असतात. रेषा लाटांसारख्या वळलेलं कर्ली लाकूड त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या बाजूवर सर्वांत चांगलं दिसतं. रजईसारखे फुगवटे दिसणारं क्विल्टेड मेपल मात्र सालीला समांतर बाजूवर खुलतं. बर्ड्‌सआयचे डोळेही सालीला समांतर काप घेतल्यावरच गोल दिसतात. दोन फांद्यांच्या बेचक्यातलं लाकूड बेचक्याच्या बरोबर मधून कापलं तरच पिसाऱ्याची नक्षी देतं. कर्ली लाकडाची मूठ गोल केली की चमकणारे पट्टे गोलाईवर सरकतात, आणि मुठीच्या पाठीवर ते जवळजवळ नाहीसे होतात. बर्लची नक्षी मात्र गोलाईवरही टिकते, कारण तिच्यात सगळ्याच दिशा असतात. खूप वळणांच्या मुठीसाठी बर्ल इतकं आवडतं ते यामुळे.

कोणतं लाकूड

मुठीच्या दृष्टीने जातींचे ढोबळ दोन गट पडतात: तसंच वापरता येणारं, आणि आधी रेझिन (नंतर घट्ट होणारा द्रव) भरून पक्कं करावं लागणारं. या दुसऱ्या प्रक्रियेला सगळे स्टॅबिलायझेशन म्हणतात.

पहिल्या गटात डेझर्ट आयर्नवुड सर्वांत भरवशाचं. ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात वाढणारं हे लाकूड पाण्याइतकं किंवा त्याहून जड असतं. ते दाट आणि तेलकट असतं, त्यामुळे त्यात रेझिन शिरतच नाही आणि शिरायची गरजही नाही. मोरोक्कोतल्या थुया झाडाच्या मुळाशी येणारं बर्ल सुगंधी आणि तेलकट असतं, दिसायला अप्रतिम, पण थोडं ठिसूळ. पातळ कडा ठेवल्या तर टवके उडतात. ऑलिव्ह, ब्रायर आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅली निलगिरीच्या जातींची मुळाजवळची बर्लही घट्ट असतात. मॅलीला फार बारीक, दाट नक्षी असते, म्हणून ती लहान सुरीच्या मुठीला शोभते.

दुसऱ्या गटात मेपल, बॉक्स एल्डर, बकआय, पोप्लर, रेडवुड आणि बुरशीच्या काळ्या रेषा पडलेलं कुठलंही लाकूड येतं. काळ्या रेषांच्या या लाकडाला स्पॉल्टेड म्हणतात. त्यातला काही भाग बुरशीने खाल्लेला असतो, म्हणून तो नखानेही दबतो. स्टॅबिलाइज केल्याशिवाय यांतलं काहीही मुठीला लावू नका. अक्रोड, एल्म, ॲश आणि मॅड्रोन मधल्या जागेवर येतात: कोरड्या वापराच्या सुरीला तसेच चालतात, स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी स्टॅबिलाइज करणं चांगलं.

अम्बॉइना हे पॅडॉकच्या जातीचं बर्ल लाल-सोनेरी असतं आणि महाग असतं. त्याचा भुसा काहींना त्वचेवर आणि श्वासाला त्रास देतो. शिसम आणि रोजवूड ज्या प्रजातीत येतात ती डालबर्जिया प्रजाती २०१७पासून संपूर्णपणे साइट्स या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे. अशा लाकडाचा ठोकळा किंवा त्याची मूठ लावलेली सुरी देशाच्या सीमेपलीकडे पाठवायची असेल, तर खरेदीच्या वेळीच शास्त्रीय नाव आणि कागदपत्रं मागून ठेवा. ठोकळा हातात आल्यावर ही कागदं मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. साल शिल्लक असलेलं कच्चं लाकूड बऱ्याच देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आत येत नाही, म्हणून परदेशातून मागवताना साल काढलेलाच माल घ्या.

मापं आधी, सौंदर्य नंतर

पात्याचा मुठीत जाणारा भाग म्हणजे टँग. तो मुठीच्या आत दडलेला असेल तर अखंड ठोकळा लागतो: साधारण १३० × ४० × ३० मिमी. टँग मुठीच्या आकाराइतकाच रुंद असून दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या असतील, तर त्या पट्ट्यांना स्केल म्हणतात. प्रत्येक स्केल १३० × ४० × ९ किंवा १० मिमी घ्यावी. शेफच्या सुरीची मूठ लांब असते, तिला १४० मिमी लागतात. मुठीचं शेपूट खाली वळलेलं असेल तर ४० मिमी रुंदी पुरत नाही, ४५ ते ५० मिमी बघा. मुठीचा आकार जाड कागदावर कापून ठेवा आणि तो कागद शेजारी असल्याशिवाय खरेदी करू नका.

स्केलची जोडी आठ मिमीपेक्षा पातळ असेल तर सोडून द्या. टँगकडची बाजू सपाट करताना अर्धा मिमी जातो, किंचित वाकलेली निघाली तर एक मिमी, आणि मग मूठ हाताला चपटी लागते.

नक्षीचा आकारही मापातच धरा. मूठ जेमतेम २५ मिमी रुंद दिसते. मोठ्या भोवऱ्यांची नक्षी तेवढ्या जागेत मावत नाही. तयार मुठीवर अर्धं वळण दिसतं आणि लाकूड साधंच वाटतं. दोन ते पाच मिमीचे डोळे मुठीला सर्वांत जास्त शोभतात. मोठी वळणं पेटीच्या झाकणासाठी ठेवा.

खरेदी करताना

फोटोत लाकूड बहुतेक वेळा पाण्याने किंवा स्पिरिटने ओलं केलेलं असतं. तेलाचा हात दिल्यावर कसं दिसेल याचा अंदाज यावा म्हणून हे करतात, त्यात खोटं काही नाही. पण ओल्या पृष्ठभागावर बारीक चिरा दिसत नाहीत. कोरड्या अवस्थेतला फोटो मागा आणि सहाही बाजूंचे मागा. खासकरून दोन्ही टोकं बघा, कारण चीर टोकातूनच सुरू होते आणि काही विक्रेते टोकांना मेण लावून ठेवतात. ‘फोटोतलाच तुकडा मिळेल’ हे लेखी विचारा. ‘अशासारखा’ असं उत्तर आलं, तर साध्या ठोकळ्याची किंमत द्या.

सहा बाजू एकमेकींशी जुळवून वाचा. रुंद बाजूवर डोळ्यांचा पुंजका आहे आणि लगतच्या अरुंद बाजूवर त्याच जागी फराटे आत खोलवर जाताना दिसतात, तर ती नक्षी आतही आहे. रुंद बाजूवर डोळे आहेत, पण अरुंद बाजूवर दोन-तीन मिमी खाली सरळ रेषा सुरू होतात, तर नक्षी वरवरची आहे. मूठ घडवता घडवता ती निघून जाईल. दोन्ही रुंद बाजूंवर नक्षी सारखी दाट असणं ही सर्वांत चांगली खूण.

साल अडकलेली काळी फट एका बाजूवर दिसली की ती समोरच्या बाजूला कुठे निघते ते शोधा. आरपार गेलेली फट मुठीच्या पुढच्या टोकाजवळ किंवा पिनच्या (स्केल टँगला जखडणाऱ्या आरपार काडीच्या) जागी येत असेल, तर ठोकळा नको. मधल्या भागात, कडांपासून दूर असेल, तर काळ्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने) भरता येते आणि छानही दिसते. केसासारख्या बारीक चिरांचं जाळं डोळ्यांभोवती असतंच, त्याला घाबरायचं कारण नाही. एका टोकापासून निघून रेषा ओलांडत सरळ जाणारी चीर मात्र वाळवताना पडलेली असते, आणि ती आत दिसते त्यापेक्षा लांब असते.

हातात घेऊन बघता येत असेल तर नखाने दाबा, बोटाच्या पेराने टिचकी मारा. घट्ट लाकूड खणखणीत वाजतं. बद्द आवाज आला तर आत पोकळी, कुज किंवा ओल आहे.

वजन हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. १३० × ४० × ३० मिमी म्हणजे १५६ घन सेंमी. असा मेपल बर्लचा ठोकळा ९५ ते ११० ग्रॅम भरला, तर तो सुका आणि कच्चा आहे. तोच ‘स्टॅबिलाइज केलेला’ म्हणून विकत असतील, तर वजन १४० ग्रॅमच्या पुढे असायला हवं, कारण चांगलं रेझिन भरलेल्या मऊ लाकडाची घनता पाण्याच्या आसपास पोहोचते. विक्रेत्याला ग्रॅममधलं वजन विचारायला संकोच करू नका. रंगवलेल्या ठोकळ्याच्या बाबतीत रंग मध्यापर्यंत गेला आहे का, हे ताज्या कापलेल्या टोकावरच कळतं. बाहेर गडद निळा आणि आत फिकट पिवळा असा ठोकळा घडवताना डागाळलेला दिसतो.

ओलावा

ओल्या बर्लची मूठ आकसते, पण पोलाद आकसत नाही. मग काही महिन्यांनी टँगची कड लाकडाच्या वर आलेली बोटाला लागते. त्याहून वाईट म्हणजे पिनांनी जखडलेली स्केल मधोमध चिरते. मुठीसाठी ओलावा १० टक्क्यांच्या खाली हवा, आणि ज्या हवेत मूठ बनणार त्या हवेशी लाकूड जुळलेलं हवं.

दोन टाचण्यांचं मॉइश्चर मीटर वरचे काही मिमीच मोजतं. जाड ठोकळ्याच्या आतली ओल ते सांगत नाही. रेझिन भरलेल्या लाकडावर त्याचे आकडे निरर्थक असतात. खात्रीचा मार्ग वजनाचा. त्याच लॉटमधला एक छोटा तुकडा मोजा, ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सिअसला ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा मोजा. आधीचं वजन ५६ ग्रॅम, नंतरचं ५० ग्रॅम, तर ओलावा (५६ − ५०) ÷ ५० म्हणजे १२ टक्के. मुठीसाठी हे अजून ओलं.

ओवन नसेल तर ठोकळ्यावर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहा, सावलीत, हवा खेळेल अशा फळीवर ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की ठोकळा त्या जागेच्या हवेशी जुळला. कच्च्या जाड फळीला इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब धरतात. बर्लसाठी तो कमीत कमी समजा. घाई करून ओला ठोकळा थेट गरम ओव्हनमध्ये टाकला, तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि डोळ्यांतून चिरा उघडतात.

अख्खी गाठ कापायची असेल तर

स्वस्तात मिळालेली अख्खी गाठ मोह पाडते. ती घेताना हे लक्षात ठेवा की साल, चिरा, कुज आणि चुकीच्या दिशेचे भाग वगळून निम्म्याहून कमी लाकूड हाती येतं, आणि तेही वाळल्यावर.

पहिलं काम साफसफाईचं. मुळाजवळच्या गाठीत वाळू आणि खडे लाकडाने गिळलेले असतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि तारेच्या ब्रशने प्रत्येक फट धुवा, साल काढा, लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवून खिळा-तार शोधा. एका खड्याने बँडसॉचं (पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या यंत्र-करवतीचं) नवं पातं क्षणात बोथट होतं.

दुसरं काम एक सपाट बैठक तयार करण्याचं. गोल गाठ बँडसॉच्या टेबलावर हातात धरून कापणं अतिशय धोक्याचं आहे. दात खाली ओढतात, गाठ गरकन फिरते, पातं तुटतं आणि हात पात्याकडे खेचला जातो. गाठ जाड प्लायच्या फळीवर ठेवा, दोन्ही बाजूंनी पाचरी मारा, खालून जाड स्क्रूंनी पक्की करा आणि फळीसकट सरकवत पहिला काप घ्या. स्क्रू कापाच्या रेषेत येणार नाहीत याची खूण आधीच करा. खोडावरून कापलेली टोपीसारखी गाठ असेल तर तिची सपाट बाजूच बैठक होते. ती रंध्याने समतल केली की पुरे.

या कामाला १२ ते १९ मिमी रुंद आणि इंचाला तीन दातांचं पातं लावा. दात जास्त असले की दातांमधली खोबण ओल्या भुशाने भरते, पातं तापतं आणि काप वाकडा जातो. पात्याला सरळ धरणारा वरचा गाइड लाकडाच्या पाच-सहा मिमी वर आणून ठेवा. गाठीची उंची बदलते, म्हणून तो सर्वांत उंच ठिकाणाला जुळवावा लागतो.

आता दिशा. टोपी सपाट बाजूवर ठेवून आडवे, सालीला समांतर थर काढायचे, म्हणजे डोळे रुंद बाजूवर येतात. वाळताना आकसेल आणि वाकेल म्हणून ३० मिमीच्या ठोकळ्यासाठी थर ३५ ते ३८ मिमीचा ठेवा. थरावर लगेच ठोकळे आखून कापू नका. थराच्या सगळ्या बाजूंना मेणाचं इमल्शन किंवा वितळवलेलं मेण लावा. साध्या फळीला टोकांना लावलं की भागतं, पण बर्लमध्ये टोकाच्या रेषा प्रत्येक बाजूवर उघड्या असतात, त्यामुळे ओल सगळीकडून वेगाने निघते. थरांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून रचा, वर वजन ठेवा.

वाळल्यावर चिरा कुठे पडायच्या त्या पडून गेलेल्या असतात. आता जाड पुठ्ठ्यात मुठीच्या आकाराची खिडकी कापा, थर स्पिरिटने ओला करा आणि खिडकी त्यावर सरकवत बघा. ती थोडी थोडी फिरवा: दहा-पंधरा अंशांनी तिरकी केली की चिरा बाहेर जातात आणि डोळ्यांचा ओघ मुठीच्या लांबीला जुळतो. साध्या लाकडात अशी तिरकी आखणी कमजोर ठरते, बर्लमध्ये दिशेनुसार ताकद फारशी बदलत नाही. हे काम शांतपणे करा. मुठीचं रूप इथेच ठरतं.

मुठीचं पुढचं टोक नेहमी सर्वांत घट्ट, पोकळी नसलेल्या भागात घ्या. स्केलची पुढची कड पात्याला चिकटवण्याआधीच पॉलिश करून ठेवावी लागते, कारण नंतर तिथे सँडपेपर फिरवला तर पात्यावर ओरखडे येतात. म्हणजे तिथली पोकळी नंतर भरायची सोय नसते.

ठोकळ्यातून स्केल

३० मिमीच्या ठोकळ्यातून १४ मिमीच्या दोन किंवा नऊ मिमीच्या तीन पट्ट्या निघतात, बँडसॉच्या पात्याची जाडी एक मिमीच्या आसपास धरून. टेबल सॉचं पातं तीन मिमी खातं. महागड्या बर्लसाठी ते वापरू नका, शिवाय एवढ्या छोट्या तुकड्याला ते सुरक्षितही नाही.

१. ठोकळ्याची एक रुंद आणि एक अरुंद बाजू सपाट करा, गुण्या लावून ९० अंश तपासा. काचेवर चिकटवलेला ८० नंबरचा सँडपेपर यासाठी पुरतो.

२. एका अरुंद बाजूवर पेन्सिलीने मोठा त्रिकोण काढा, सगळ्या कापांना ओलांडणारा. कापल्यावर कोणती पट्टी कुठली आणि कुठल्या दिशेची, हे त्रिकोण जुळवून कळतं.

३. सपाट रुंद बाजू फेन्सला (टेबलावरच्या, पात्याला समांतर उभ्या पट्टीला), सपाट अरुंद बाजू टेबलाला. इंचाला चार ते सहा दात, कच्च्या लाकडासाठी चार, रेझिन भरलेल्यासाठी सहा. रेझिन साध्या पात्याला लवकर बोथट करतं. बायमेटल, म्हणजे जास्त कठीण पोलादाचे दात जोडलेलं, पातं टिकतं.

४. ढकलायला लाकडी ठोकळा वापरा, शेवटच्या ५० मिमीत बोटं पात्याच्या रेषेत आणू नका. वेग हळू आणि सारखा. लाकूड जळाल्याचा वास आला तर पातं बोथट आहे; जोर लावून काप पूर्ण करू नका.

५. प्रत्येक कापानंतर ठोकळ्याची कापलेली बाजू पुन्हा सपाट करूनच पुढचा काप घ्या. नाहीतर आधीच्या कापातला बाक पुढच्या पट्टीत उतरतो.

बँडसॉ नसेल तर बारीक दातांची, ओढून कापायची जपानी करवत उत्तम. चारही बाजूंवर रेघ मारा, एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि दर काही ओढींनंतर ठोकळा शिकंज्यात उलटा. एका बाजूने सलग कापत गेलं की पलीकडची रेघ चुकतेच.

कापलेल्या पट्ट्या त्याच क्षणी चिकटवू नका. ठोकळ्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा थोडा ओला असतो, तो आता उघडा पडला आहे. एक-दोन दिवसांत पट्टी त्या बाजूने खोलगट होते. दोन्ही बाजूंना हवा लागेल अशा उभ्या ठेवा, तीन-चार दिवसांनी सपाट करा.

जोडी कशी उघडायची

ठोकळा मधून चिरला की समोरासमोर आलेल्या दोन बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. पुस्तकासारखी उघडलेली ही जोडी, म्हणजे बुकमॅच. सुरीवर ती दोन रीतींनी बसवता येते आणि परिणाम पूर्ण वेगळे असतात.

कापलेल्या बाजू बाहेर ठेवल्या, तर मुठीच्या डाव्या आणि उजव्या अंगाला आरशासारखी नक्षी येते. पण घडवताना याच बाजूंचं लाकूड निघून जातं. दोन्हीकडून तीन-तीन मिमी घासलं की आता दिसणारे पृष्ठभाग मूळ ठोकळ्यात एकमेकांपासून सात मिमी दूर होते, आणि डोळे जुळेनासे होतात. म्हणून या रीतीत स्केल शक्य तितकी अंतिम जाडीच्या जवळ घ्या आणि जादाचं लाकूड टँगकडच्या बाजूने काढा.

कापलेल्या बाजू टँगकडे ठेवल्या, तर मुठीच्या पाठीवर नक्षी पोलादाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सलग गेल्यासारखी दिसते. दोन अंगं तंतोतंत आरसा नसतात, पण मूठ एकाच लाकडातून कोरल्यासारखी वाटते. दोन्ही अंगं एकाच वेळी कुणालाच दिसत नाहीत, पाठ मात्र सुरी हातात घेताच दिसते. त्यामुळे गोलाई जास्त असलेल्या मुठीसाठी आम्ही दुसरीच रीत सुचवू. सपाट अंगाच्या मुठीला पहिली.

तीन पट्ट्या काढल्या तर शेजारच्या दोनच जुळतात. पहिली आणि तिसरी जोडी म्हणून विकली जाते तेव्हा नक्षीत फरक दिसतो. खरेदी करताना हेही बघा.

रेझिन भरणं

घरी करायचं तर व्हॅक्यूम पंप, जाड भिंतीचं भांडं आणि उष्णतेने घट्ट होणारं मेथाक्रिलेट रेझिन लागतं. पट्ट्या कापून मग रेझिन भरणं ठोकळ्यात भरण्यापेक्षा सोपं. नऊ मिमीच्या पट्टीत ते मध्यापर्यंत पोहोचतं, ३० मिमीच्या ठोकळ्यात पोहोचेलच असं नाही.

आधीच हवेत सुकवलेलं लाकूड ओव्हनमध्ये सुमारे १०४ अंशांवर २४ तास ठेवा, बाहेर काढताच हवाबंद पिशवीत घालून पूर्ण थंड होऊ द्या. गरम लाकूड रेझिनमध्ये टाकलं तर भांड्यातलं रेझिनच घट्ट व्हायला लागतं. उघड्यावर थंड केलं तर लाकूड हवेतली ओल परत शोषतं. मग वजनाखाली दाबून पूर्ण बुडवा, पूर्ण व्हॅक्यूम लावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालू ठेवा; याला काही तासांपासून एक दिवस लागतो. बुडबुडे थांबतच नाहीत तेव्हा बहुतेकदा लाकडात ओल शिल्लक असते आणि व्हॅक्यूममध्ये ती वाफ होऊन येत राहते. रेझिन खरं आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून पंप जितका वेळ चालला त्याच्या किमान दुप्पट वेळ लाकूड बुडलेलंच ठेवा. सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

प्रत्येक तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ९० ते ९५ अंशांवर तापवा. वेळ मोजायचा तो लाकडाचा मध्य त्या तापमानाला पोहोचल्यापासून, एक ते दोन तास. अन्नासाठी वापरला जाणारा ओव्हन यासाठी वापरू नका, आणि वाफा बाहेर जातील अशा जागी ठेवा. शेवटी वजन करा. मऊ मेपल सुक्या वजनाच्या जवळपास दुप्पट होऊ शकतं. दीडपटही झालं नसेल तर एक तुकडा मधून कापून बघा. कापताना भुसा चिकट आणि गोळे होणारा निघाला, तर रेझिन कच्चं आहे, पुन्हा तापवा. कच्च्या रेझिनवर इपॉक्सी धरत नाही, आणि स्केल काही महिन्यांनी टँगपासून सुटते.

पोकळ्या, छिद्रं, भुसा

बारीक चिरांत पातळ सुपरग्लू आपोआप ओढला जातो. फिकट लाकडावर त्याचा गडद डाग पडतो, म्हणून मेपलला आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्या. मोठ्या पोकळीत २४ तासांत घट्ट होणारी इपॉक्सी काळा रंग मिसळून थराथराने भरा. पाच मिनिटांची इपॉक्सी तळाशी पोहोचण्याआधीच घट्ट होते आणि खाली हवा अडकते, जी सँडिंगच्या शेवटी छिद्र होऊन उघडते.

पिनची छिद्रं कडेपासून किमान सहा मिमी आत घ्या. बर्लमध्ये साधं ड्रिल डोळ्यावर घसरून वाकडं जातं, म्हणून मधे अणकुचीदार टोक असलेलं लाकडाचं ड्रिल वापरा, खाली टाकाऊ लाकूड दाबून धरा, दर दोन-तीन मिमीला ड्रिल वर काढून भुसा बाहेर येऊ द्या. रेझिन भरलेलं लाकूड तापलं की छिद्राभोवती ताऱ्यासारख्या चिरा पडतात. पिन घट्ट बसत असेल तर ठोकू नका, छिद्र एक दशांश मिमीने मोठं करा. हातोडीने पिनचं डोकं पसरवण्याची रीत बर्लला झेपत नाही; इपॉक्सी पुरेशी आहे. कच्च्या बर्लच्या स्केलखाली अर्ध्या मिमीची व्हल्कनाइज्ड फायबरची (कागदासारख्या चिवट पदार्थाची) पट्टी दिली, तर लाकडाची थोडीफार हालचाल ती सोसून घेते.

बेल्ट ग्राइंडरवर ३६ किंवा ६० नंबरचा नवा, धारदार बेल्ट लावा आणि वेग कमी ठेवा. बोथट बेल्टने दाबून घासलं की डोळ्यांतलं घट्ट लाकूड तापून चिरतं आणि आजूबाजूचं मऊ लाकूड खोलगट होतं. १२० नंबरपासून पुढे सँडपेपरमागे कडक पट्टी धरून हातानेच घासा. नुसत्या बोटाने घासलं तर डोळे उंचवटे होऊन वर राहतात आणि प्रकाशात मूठ खडबडीत दिसते.

भुशासाठी पी३ (अगदी बारीक धूळ अडवणारा) किंवा त्या दर्जाचा, कडेने हवा न गळणारा मास्क घाला, कापतानाच नव्हे तर नंतर जागा झाडतानाही. बुरशी लागलेलं लाकूड, अम्बॉइना आणि रेझिनचा भुसा यांची ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असं नाही. ती वापरागणिक वाढत जाऊन एकदम त्रास देते, आणि मग ते लाकूड कायमचं सोडावं लागतं.

उरलेले तुकडे २० मिमीपेक्षा मोठे असतील तर टाकू नका. त्यांवर जात, तारीख आणि सालीची बाजू दाखवणारा बाण लिहून ठेवा. मुठीच्या पुढच्या टोकाला लावायच्या तुकड्यासाठी किंवा पोकळीत त्याच रंगाचा भुसा भरण्यासाठी ते कामी येतात.